डोंगर गौण कसा ठरला?

ऑक्टोबर उजाडला, भात पिवळे पडू लागले, की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या बंद खदानीच्या काठावर जाऊन उभे राहावे. दगडखाणीला इकडे खदानच म्हणतात. समोर डोंगराचा उभा कापलेला कडा असतो. वर हातभर तांबूस माती, तिच्याखाली कुदळीने उकरता येईल असा पिवळट मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाणावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या रेघा अजून मोजता येतात. तळाशी हिरवे पाणी साचलेले असते. ते किती खोल आहे हे काठावरून कळत नाही आणि काठाला बहुधा कुंपणही नसते. इथला दगड कधीच निघून गेला, कोणाच्या तरी इमारतीत किंवा रस्त्याखाली जाऊन बसला. सरकारी दप्तरात त्याची नोंद एका सदराखाली आहे : गौण खनिज.

गौण म्हणजे दुय्यम, कमी मोलाचे. ज्या डोंगरावरून पावसाचे पाणी गावच्या विहिरीत उतरते, ज्याच्या उतारावर गुरे चरतात, कारवी आणि मोहाची झाडे उभी असतात, तो डोंगर कमी मोलाचा कधी ठरला आणि कोणी ठरवला? शब्द कायद्याचा आहे, त्यामुळे उत्तरही कायद्याच्या इतिहासातच शोधावे लागते. हा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. या काळात कायद्याने खाणीबद्दल चार प्रश्न विचारले : मालक कोण, खनिज कोणते, पट्टा केवढा आणि काम कोणाचे. खड्डा किती खोल गेला आणि त्याने कोणाचे पाणी तोडले, हा पाचवा प्रश्न फार उशिरा विचारला गेला, आणि अजूनही तो अर्धवटच आहे.

या मुलखात दगड फोडणे नवे नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी पाषाण कापूनच वाहता केला गेला. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तिथल्या लेण्यात आजही आहे. शहापूरचा माहुली किल्ला याच काळ्या दगडावर उभा आहे. पण तेव्हाची तोड छिन्नी-हातोड्याची होती आणि तिचा वेग माणसाच्या दंडाइतका होता. पहिला मोठा बदल आगगाडीने आणला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला पोहोचला. पुलांना, बोगद्यांच्या तोंडांना, रुळांखालच्या खडीला दगड लागला. पुढे १८९२ मध्ये तानसाची अडीच किलोमीटरांहून लांब दगडी भिंत पुरी झाली आणि शहापूरचे पाणी नळांतून मुंबईकडे वाहू लागले. नंतर मोडकसागर झाले, भातसा झाले. शहराने इथून आधी वाट घेतली, मग पाणी घेतले, आणि आता ते डोंगरच नेत आहे. ज्या तालुक्यात मुंबईची तहान भागवणारी धरणे आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. दगडखाणींचा विचार या वस्तुस्थितीपासून तोडून करता येणार नाही.

कायद्याचा पहिला प्रश्न मालकीचा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सरकारी सारा भरणाऱ्या जमिनींतील खाणी आणि खनिजांवरचा हक्क सरकारकडे राखून ठेवला. कुळ जमीन कसेल, पीक घेईल, पण जमिनीखालचे ते सरकारचे, असा हा विचार होता. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने तोच विचार पुढे नेला. सगळीकडे असेच आहे असे नाही. केरळच्या मलबार भागातील जन्मी जमीनदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, कायद्याने काढून घेतला नसेल तर भूगर्भाचा हक्क जमीनमालकाकडेच राहतो. आपल्याकडे तो काढून घेतला गेला, आणि कोणत्या कारणासाठी हे दप्तरांवरूनच दिसते. महसूल कायद्याला महसूल हवा होता. त्याच्या लेखी डोंगर म्हणजे एक येणे होते.

दुसरा प्रश्न खनिजाच्या जातीचा. १९५२ मध्ये खाण कायदा आला, १९५५ मध्ये मुंबई राज्याने गौण खनिजांचे नियम केले आणि १९५७ मध्ये केंद्राचा खाणी व खनिजे कायदा झाला. या १९५७ च्या कायद्याने इमारतीचा दगड, गोटे-खडी, साधी चिकणमाती आणि साधी रेती यांना गौण खनिज म्हटले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ नुसार राज्यांना दिला. लोखंड, मँगनीज, कोळसा देशाच्या उद्योगासाठी. दगड-माती गावाच्या घरासाठी, अशी ती विभागणी होती. त्या काळात ती शहाणपणाची होती हे मान्य केले पाहिजे. गावच्या शाळेसाठी चार गाड्या दगड काढायला दिल्लीची परवानगी कशाला? दगड वडाराने पहारीने फोडायचा, बैलगाडीने वाहायचा आणि दोन कोसांच्या आत वापरायचा. गौण हा शब्द त्या मापाला शोभत होता.

माप बदलले, शब्द तसाच राहिला. पोकलेन आली, क्रशर आले, हायवा डंपर आले. नदीतल्या रेतीवर निर्बंध येत गेले तसा दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढला. नदी वाचवण्यासाठी हे आवश्यकच होते, पण नदीवरचा भार डोंगरावर आला हेही खरे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे की, जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते आणि पाण्याखालोखाल माणूस हीच वस्तू सर्वाधिक वापरतो. एवढ्या मोठ्या प्रमाणावर उपसली जाणारी वस्तू जगात कुठेच गौण राहिलेली नाही. तिला गौण म्हणणारा कायदा मात्र आजही चालू आहे.

हिशेब साधा आहे. आपल्याकडे दगड-मुरूम ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. पाच हेक्टरांचा पट्टा सहा मीटर, म्हणजे दोन मजली घराइतका खोदला तर तीन लाख घनमीटर, म्हणजे एक लाखाहून अधिक ब्रास माल निघतो. एका डंपरमध्ये पाच ब्रास धरले तर एकवीस हजारांहून जास्त खेपा. या खेपा गावच्या शाळेसमोरून जाणार, ओढ्यावरच्या मोरीवरून जाणार. खदानीच्या वाटेवरच्या भातखाचरात जाऊन पात्यावर बोट फिरवून पाहावे, पांढरी भुकटी बोटाला लागते. पाच हेक्टर हा आकडा मुद्दाम घेतला आहे. आपल्या पर्यावरण कायद्याचे बरेच भवितव्य याच आकड्याभोवती फिरले.

सहा मीटर हे मापही मनाने घेतलेले नाही. ते १९५२ च्या खाण कायद्यातले आहे. जमिनीतून खनिज काढण्यासाठी केलेले कोणतेही खोदकाम म्हणजे खाण, अशी त्या कायद्याची व्यापक व्याख्या होती. पण मुरूम, खडी, साधी रेती, इमारतीचा दगड यांच्या उघड्या खोदकामाला तो बहुतांश तरतुदींतून वगळत असे. अट अशी की खोली कुठेही सहा मीटरांपलीकडे जाऊ नये, एका दिवशी पन्नासांहून जास्त कामगार नसावेत आणि स्फोटके वापरलेली नसावीत. यात एक चांगली गोष्ट आहे. हा कायदा कामगाराच्या जिवासाठी केला होता, म्हणून त्याने खड्ड्याची खोली विचारली, सुरुंग विचारला. दरड कोणावर कोसळेल हे पाहताना मालकी किंवा खनिजाचा दर्जा कामाचा नसतो हे त्याला कळले होते. पर्यावरणाच्या कायद्याने हीच रीत उचलली असती तर पुढची वर्षे वेगळी गेली असती.

तिसरा प्रश्न पट्ट्याच्या आकाराचा. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. तिने पाच हेक्टरांहून मोठ्या पट्ट्यावरील प्रमुख खनिजांच्या खाणींना आधी मंजुरी घ्यायला लावली. दगडखाण त्यात नव्हती. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने प्रमुख आणि गौण हा भेद काढला, पण पाच हेक्टरांची रेघ ठेवली. त्या रेघेच्या आत बसेल त्या खोदकामाला पर्यावरणाचा प्रश्न विचारला जाणार नव्हता. मग व्हायचे तेच झाले. डोंगर एकच, पण त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पाच हेक्टरांच्या आत बसवला गेला. कागदावर दहा लहान खाणी, जमिनीवर एकच मोठी जखम.

हरियाणातील अशाच लिलावांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की, पाच हेक्टरांखालच्या गौण खनिज पट्ट्यांनाही, त्यांच्या नूतनीकरणालाही, पर्यावरण मंजुरी घ्यावीच लागेल. लहान लहान खोदकामांचा एकत्रित परिणाम मोठा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे आणि साऱ्या देशासाठी प्रथमच सांगितले. महाराष्ट्राचे २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आणि त्यातली खाणकाम आराखड्याची अट या निकालाच्या पाठोपाठच आली. माझ्या मते शहापूर-मुरबाडच्या डोंगरांसाठी गेल्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत मोलाचा निकाल आहे, आणि इकडच्या फार थोड्या ग्रामपंचायतींच्या कार्यालयात त्याची प्रत सापडेल.

निकालानंतर काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा केला. पाचशे मीटरांच्या आत असणाऱ्या खाणी एक समूह म्हणून मोजायच्या असे ठरवले. ही दोन्ही पावले योग्य होती. पण त्याच दुरुस्तीने लहान खाणींच्या मंजुरीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीला दिला. जे कार्यालय स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, गोळा करते, ज्याच्यावर महसुलाचे उद्दिष्ट असते, त्याच कार्यालयाने पर्यावरणाचा न्यायनिवाडा करायचा, हे बरोबर नव्हते. राष्ट्रीय हरित लवादाने १३ सप्टेंबर २०१८ च्या आदेशात या व्यवस्थेवर बोट ठेवले आणि मंजुरी पुन्हा राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे गेली.

चौथा प्रश्न, काम कोणाचे हा. २०१६ च्या त्याच दुरुस्तीत मंजुरी न लागणाऱ्या कामांची एक यादी आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. कुंभाराने हाताने काढलेली माती, पुराने शेतात आणून टाकलेली रेती, गावतळ्याचा गाळ, रोजगार हमीतले बांध, पिण्याच्या पाण्याची विहीर. ही यादी करणाऱ्याला गाव माहीत होते. खोदणारा प्रत्येक हात गुन्हेगार नसतो, कुंभाराचे चाक आणि शेतकऱ्याचा बांध यांना खाण म्हणता येत नाही, हा विवेक तिच्यात आहे. पण २८ मार्च २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना, याच यादीत रस्ते आणि जलवाहिन्यांसारख्या लांबच लांब प्रकल्पांसाठी काढायची साधी माती घुसवली गेली. कुंभाराच्या टोपलीशेजारी महामार्गाचा भराव जाऊन बसला. किती माती, कोणत्या जागेची, किती खोल, यावर काहीच मर्यादा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी नोबल पैकाडा खटल्यात ही सवलत मनमानी ठरवून रद्द केली. त्यानंतरही अशा प्रकल्पांना किती मोकळीक द्यायची याचे केंद्राचे नियम बदलतच राहिले आहेत.

शहापूरला हा वाद दूरचा नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. कसारा घाटाखालून त्याचे जवळपास आठ किलोमीटरांचे जुळे बोगदे आहेत. ५ जून २०२५ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. नाशिकचा शेतकरी त्या रस्त्याने आपला माल लवकर मुंबईत पोहोचवेल, आणि ते चांगलेच आहे. पण एवढ्या रस्त्याचा भराव आकाशातून येत नाही. माती कुठून आली, तिथे आता काय उरले, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध करणे नव्हे.

इथे साध्या मातीचा विषय थोडा थांबून पाहायला हवा, कारण सारी गफलत त्या साध्या या विशेषणात आहे. केंद्राने ३ फेब्रुवारी २००० रोजी भराव आणि सपाटीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मातीला गौण खनिज जाहीर केले. म्हणजे माती खनिज आहे की नाही हे ती कशी आहे यावर ठरत नाही, ती कुठे वापरली यावर ठरते. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच सांगितले : पायासाठी खोदलेली माती केवळ खोदली म्हणून स्वामित्वधनास पात्र होत नाही, तिचा उपयोग पाहावा लागेल. महसुलाच्या दृष्टीने हा निकाल तर्काला धरून आहे. पण जमिनीला उपयोग कळत नाही. मुरूम महामार्गाखाली गेला काय आणि बंगल्याच्या अंगणात गेला काय, ज्या उतारावरून तो गेला तिथे खड्डा तोच राहतो.

आणि तो उतार म्हणजे नुसती माती नसते. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांचा आहे. त्याच्या आत फारसे पाणी मुरत नाही. पाणी राहते ते पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात. जून ते सप्टेंबर दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस या तालुक्यांत कोसळतो, आणि त्यातला बराचसा ओढ्यांतून खाडीकडे धावतो. जो थांबतो तो मुरमाच्या थरात थांबतो आणि दिवाळीनंतर झिरपत झिरपत पायथ्याच्या विहिरीत उतरतो. मुरूम काढला की ही टाकीच उचलून नेल्यासारखे होते. वरच्या अंगाला मुरूम उपसला आणि खालच्या पाड्यावरची विहीर पूर्वी एप्रिलपर्यंत टिकायची ती फेब्रुवारीत खरवडायची वेळ आली, तर त्या विहिरीचे नुकसान कोणत्या दंडात मोजायचे? पंचनाम्यात ब्रास मोजले जातात. हंडे मोजण्याचा रकाना त्यात नाही.

दंडाचा कायदा तसा दुबळा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ चे पोटकलम ७ शेत, बांध, नाला, खाडी, नदीपात्र, जुनी बंद खाण अशा सगळ्या जागांची नावे घेते. बांध दुरुस्त करतो असे सांगून काढलेले गौण खनिजही त्यात येते. बाजारभावाच्या पाचपटींपर्यंत दंड तहसीलदार करू शकतो, वाहन ताब्यात घेऊ शकतो. १९५७ च्या केंद्रीय कायद्यात २०१५ पासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. असे असताना खोदकाम थांबत का नाही? कारण हा सारा कायदा चोरीचा कायदा आहे. स्वामित्वधन भरले नाही तर गुन्हा, भरले तर माल पांढरा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये बहुमताने सांगितले की, स्वामित्वधन हा कर नाही, खनिज काढण्याच्या हक्कापोटी मालकाला दिलेला तो मोबदला आहे. मोबदला मालकाला मिळाला, पण विहीर ज्याची आटली तो या व्यवहारात पक्षकारच नसतो.

जंगलाच्या बाबतीत कायदा अधिक खंबीर आहे, आणि म्हणून तिथे फरकही दिसतो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर, गुजरातच्या अंबिका क्वारी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले की, वनजमिनीवरील जुन्या दगडखाणीच्या नूतनीकरणालाही केंद्राची परवानगी लागते. शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेले तानसा अभयारण्य १९७० पासून आहे. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला मनाई असल्याचा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कायम ठेवला. पण अभयारण्याच्या रेघेबाहेर, सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाडचा जो मोठा पट्टा आहे, त्याला तेवढे संरक्षण नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिले. पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात दगड, रेती, खनिज कशाचेच उत्खनन नको, चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्टा संपताच बंद व्हाव्यात, असे केंद्राच्या मसुद्यात लिहिले गेले. तो मसुदा २०१४ पासून निघतो आहे. जुलै २०२४ मध्ये तो सहाव्यांदा निघाला. दहा वर्षे मसुदाच राहिलेला कायदा डोंगराचे रक्षण करत नाही. उलट अंतिम होण्याआधी जेवढे काढता येईल तेवढे काढून घ्या, असाच संदेश त्यातून जातो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे खोटे नाही. घरे हवीत, रस्ते हवेत, पूल हवेत, आणि ते दगडाशिवाय होत नाहीत. खदानीवर गावची माणसे राबतात. डंपरचे हप्ते फेडणारी पोरे याच तालुक्यांतली आहेत. शेतीवर निभत नाही म्हणून ती या धंद्यात आली. खाणी सरसकट बंद करा, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या घराच्या भिंतीकडे पाहावे. गोव्यात २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा हजारो कुटुंबांची रोजी एकाएकी गेली. बेकायदेशीर कारभार वर्षानुवर्षे चालू दिला की शेवटी त्याची किंमत कामगार देतो, हा गोव्याचा धडा आहे. म्हणून प्रश्न खाण हवी की नको असा नाही. ती कुठे, किती खोल, किती काळ आणि कोणाच्या संमतीने, असा आहे. आणि खाण संपल्यावर तो खड्डा कोण भरणार, हाही आहे.

संमतीचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची ही भूमी. १९९६ च्या पेसा, म्हणजे पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव करण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, आणि त्यांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येते. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी डोंगर विकायचा नाही असे ठरले. ते खनिज प्रमुख होते, त्याकडे साऱ्या देशाचे लक्ष होते. आपल्याकडच्या पाड्याला काळा दगड आहे, आणि काळ्या दगडासाठी दिल्लीहून कोणी येत नाही. पण पेसाचे हे कलम मुद्दाम गौण खनिजासाठीच लिहिलेले आहे. गावाच्या हातात याहून धारदार हत्यार दुसरे नाही.

मग करायचे काय? पहिले, खाणीची व्याख्या पट्ट्याच्या हेक्टरांवर न करता खड्ड्याच्या घनमीटरांवर आणि खोलीवर करावी. डोंगर आणि त्याखालचे ओढ्याचे पाणलोट हे एकच माप धरावे, म्हणजे तुकडे पाडून कोणालाच सुटता येणार नाही. दुसरे, कुंभार, शेतकरी आणि ग्रामपंचायतीला मिळालेली सवलत त्यांच्यापुरतीच राखावी. महामार्गाने आणि बिल्डरने तिच्या सावलीत उभे राहू नये. तिसरे, जिल्हा सर्वेक्षण अहवालात खनिजाच्या साठ्याइतकीच जागा विहिरींच्या मार्च महिन्यातल्या पाणीपातळीला द्यावी. चौथे, पट्टा देतानाच खड्डा भरण्याची किंवा त्याला सुरक्षित काठ बांधून गावाच्या वापराचे तळे करण्याची रक्कम ठेव म्हणून घ्यावी, आणि ते काम ग्रामसभेने पाहिल्याशिवाय ठेव परत करू नये. यातल्या कशासाठीही नवे तत्त्वज्ञान लागत नाही. खोलीचे माप १९५२ पासून कायद्यात आहे, एकत्रित परिणामाचे तत्त्व २०१२ पासून आहे आणि गावाचा आवाज १९९६ पासून आहे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने डोंगराला सरकारचे येणे मानले, कारण त्याला तेवढेच दिसत होते. आज आपल्याला त्याच्याखालची विहीरही दिसते, त्यामुळे तीच चूक चालू ठेवायला आता कोणतीही सबब उरलेली नाही. डोंगर गौण नाही, आणि त्याला गौण ठरवणारा कायदा बदलला पाहिजे.

तो बदलेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. २ ऑक्टोबरला, २६ जानेवारीला, १ मे आणि १५ ऑगस्टला आपल्या गावी ग्रामसभा भरते. तिथे जावे. आपल्या हद्दीत कोणकोणते गौण खनिज पट्टे आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, पर्यावरण मंजुरीचा कागद कुठे आहे आणि त्या पट्ट्यांवर ग्रामसभेने ठराव केला होता का, हे चार प्रश्न उभे राहून विचारावेत. मिळालेली उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि सही करण्यापूर्वी ते इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावावे.